‘परत विचारलं नाही, सर’

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा सरकारी रुग्णालयात मेडिसिनचा लेक्चरर होतो. पावसाळ्याचे दिवस, आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे, आणि जुलाब-उलट्यांचे रुग्ण एकामागोमाग एक येत होते. खाटा भरल्या, मग दोन खाटांमधल्या गाद्याही भरल्या. रात्री अकराच्या सुमारास वॉर्डच्या सिस्टर एका रुग्णाच्या सलाइनबद्दल काही विचारायला आल्या. मी दुसऱ्या रुग्णात अडकलो होतो. ‘सिस्टर, डॉक्टर तुम्ही आहात की मी?’ असं मी मोठ्या आवाजात, सगळ्या वॉर्डसमोर म्हणालो. त्या काही न बोलता परत गेल्या.

तासाभरानं मी एका पन्नाशीच्या शेतमजुराच्या सलाइनमध्ये पोटॅशियम घालायला लिहिलं. जुलाबात शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, तेव्हा ते द्यावं, असं पुस्तक सांगतं. ज्याला लघवी होत नाही त्याला मात्र ते देऊ नये, हेही तेच पुस्तक सांगतं. त्या माणसाला संध्याकाळपासून लघवी झालेली नव्हती. केस पेपरवर तशी नोंद नव्हती आणि मी विचारलं नाही. सिस्टरांना ते माहीत होतं.

पहाटे त्याची नाडी मंदावली. ईसीजीवर उंच, टोकदार टी-लाटा दिसल्या आणि माझ्या पोटात गोळा आला. कॅल्शियम, ग्लुकोज-इन्सुलिन, सगळी धावपळ झाली. माणूस वाचला. सकाळी मी सिस्टरांना विचारलं, ‘तुम्हाला ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?’ त्या खाली बघत म्हणाल्या, ‘मघाशी विचारलं तेव्हा तुम्ही ओरडलात. म्हणून परत विचारलं नाही, सर.’

पुढची कित्येक वर्षं मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट पोटॅशियमचा धडा म्हणून सांगत आलो. खरं तर तो माझ्या जिभेचा धडा होता. हे लक्षात यायला मला फार वेळ लागला, आणि ते लक्षात आणून देणारी गोष्ट वैद्यकशास्त्राच्या बाहेरून आली.

माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नोकरी संपली की रात्री ती ‘लिनक्स’साठी काम करते, फुकट. लिनक्स हा संगणकाच्या आत, अगदी तळाशी बसलेला प्रोग्राम. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर तो तुमच्या खिशातही आहे. त्याचा सगळा मजकूर जगासमोर उघडा असतो. कोणीही वाचावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. या दुरुस्तीला ते ‘पॅच’ म्हणतात, आपल्या भाषेत ठिगळ. ते लावायचं की नाही हे त्या त्या भागाचा मेंटेनर ठरवतो. अशा उघड्या सॉफ्टवेअरला ‘ओपन सोर्स’ म्हणतात. आरोग्याच्या क्षेत्रातही ते आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारीला जनस्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात रुजलेली ‘बाह्मनी’ ही रुग्णनोंदीची प्रणाली ओपन सोर्सच आहे.

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. तिचा पहिला पॅच तीन वेळा परत आला, असं तिनं हसत सांगितलं. मी म्हटलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, ‘मामा, त्यांनी कोडचे वाभाडे काढले, माझे नाही. चौथ्यांदा घेतला.’ मग म्हणाली, ‘दहा-बारा वर्षांपूर्वी असते तर माझेही काढले असते.’

तिच्याकडून ऐकलं आणि नंतर मी स्वतः वाचलं, ते असं. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये लिनक्सला सुरुवात केली. माणूस अफाट बुद्धीचा, आणि तोंडाचा तितकाच फाटका. चुकीचं काम पाठवणाऱ्याला तो सगळ्यांना दिसेल अशा ईमेलमधून शिव्या देई, त्याच्या अकलेचा उद्धार करी. त्याचे चाहते याला ‘गुणवत्तेचा आग्रह’ म्हणत. २०१३ मध्ये शार्प या आडनावाच्या, तेव्हा इंटेलमध्ये काम करणाऱ्या आणि यूएसबी ३.० चा भाग लिहिलेल्या मेंटेनरनी सर्वांसमोर त्याला सांगितलं की हे थांबवा. टोरवाल्ड्सचं उत्तर साधारण असं होतं की मी असाच आहे, खोट्या सभ्यतेचा मुखवटा मला घालता येत नाही. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, शार्प ते काम सोडून गेल्याचं जाहीर झालं.

हे उत्तर वाचताना मला आमच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातले सर आठवले. नाव सांगत नाही. निदान त्यांच्यासारखं करणारा मी दुसरा पाहिला नाही. राऊंडला त्यांच्या मागं वीस माणसं असायची आणि कोणाच्याही तोंडातून आवाज निघत नसे. केस पेपर हवेत भिरकावला जायचा. ‘ओरडतात, पण शिकवतात’ असं आम्ही म्हणायचो आणि स्वतः शिकवायला लागल्यावर ओरडायलाही शिकलो. त्यांच्या हाताखाली आम्ही पुष्कळ शिकलो हे खरं. पण ओरडण्यामुळे शिकलो की ओरडत असूनही शिकलो, हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नाही.

विज्ञानानं तो विचारला आहे. इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ टीम, प्रत्येकीत एक डॉक्टर आणि दोन नर्स. प्रत्येक टीमला बनावट बाळावर एक आणीबाणी हाताळायला दिली: वेळेआधी जन्मलेलं बाळ, आतड्याला गंभीर आजार. परदेशी तज्ज्ञ तुमचं काम पाहत आहेत, असं त्यांना सांगितलं होतं. निम्म्या टीमना तज्ज्ञाचं तटस्थ बोलणं ऐकवलं. उरलेल्यांना तो म्हणाला की इथल्या वैद्यकसेवेचा दर्जा काही मला फारसा पटलेला नाही, आणि अशी माणसं माझ्या विभागात आठवडाभरही टिकली नसती. आरडाओरडा नाही, शिवी नाही. आपल्या राऊंडच्या मानानं तर हे गोड बोलणंच म्हणायचं. तरीही अपमान झालेल्या टीमचं निदान कच्चं पडलं आणि हातानं करायच्या कामांतही त्या मागं पडल्या. कारण शोधलं तेव्हा दिसलं की ही माणसं एकमेकांना माहिती कमी सांगत होती, आणि मदत कमी मागत होती.

माझ्या वॉर्डात त्या रात्री झालं ते नेमकं हेच होतं. माझ्या ओरडण्यानं सिस्टरांच्या मनाला लागलं, ते वेगळंच. रुग्णाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की लघवी झालेली नाही ही माहिती तीन फुटांवर असून माझ्यापर्यंत पोचली नाही. म्हणून मी उद्धटपणाला शिष्टाचाराचा प्रश्न मानत नाही. माझ्या मते तो रुग्णसुरक्षेचाच प्रश्न आहे, हात न धुण्याइतका. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००८ मध्ये अशा वागणुकीबद्दल धोक्याचा इशारा काढला आणि रुग्णालयांकडे लेखी आचारसंहिता असावी असं सांगितलं, ते याच कारणानं.

लिनक्सकडे परत येऊ, कारण तिथं जे पुढं घडलं ते आपल्याला उपयोगाचं आहे. २०१५ मध्ये त्यांनी एक छोटं निवेदन स्वीकारलं. त्याचं नाव ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे भांडणाची संहिता! त्याचा रोख असा होता की तुमच्या कामावर कठोर टीका होणारच. पण कोणाला व्यक्तिशः अपमान किंवा धमकी वाटली तर सल्लागार मंडळाला कळवा. काय चालणार नाही याची यादी नव्हती. आपल्याकडच्या ‘सर्वांनी सौजन्यानं वागावं’ या पाटीसारखंच ते. अशा पाटीखाली बसूनच खिडकीवरचा माणूस खेकसतो, हे सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

मग सप्टेंबर २०१८. टोरवाल्ड्सनं एका ईमेलमध्ये माफी मागितली. लोकांच्या भावना आपल्याला कधी कळल्याच नाहीत, आपलं वागणं व्यावसायिक नव्हतं, आपण काही दिवस कामापासून दूर होऊन मदत घेणार आहोत, असं त्यानं लिहिलं. त्याच सुमारास जुनं निवेदन जाऊन नवी संहिता आली. कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेला ‘कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट’ हा तिचा आधार. यात काय चालणार नाही ते नावानिशी लिहिलं आहे: लैंगिक शेरेबाजी, अपमानकारक बोलणं, व्यक्तीवर हल्ला, दुसऱ्याचा पत्ता किंवा खासगी माहिती परवानगीशिवाय उघड करणं. तक्रार कुठे करायची ते लिहिलं आहे, आणि तक्रारदाराचं नाव गुप्त राहील हेही.

गदारोळ झाला. आता गुणवत्ता बुडाली, आता भावना दुखावल्याचं कारण देऊन टुकार काम आत येणार, अशी भाकितं झाली. काहींनी आपलं जुनं काम काढून घेण्याची भाषा केली. प्रत्यक्षात टोरवाल्ड्सच्या गैरहजेरीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी धुरा सांभाळली आणि ४.१९ ही आवृत्ती ऑक्टोबरमध्ये बाहेर आली. टोरवाल्ड्स परतला. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येण्याचा क्रम आजही चालू आहे, आणि माझ्या भाचीचा पॅच अजूनही तीनदा परत येतो.

संहितेनं सगळे संत झाले असं मात्र नाही. टोरवाल्ड्सचा पारा अजूनही अधूनमधून चढतो म्हणे. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये एक गोष्ट घडली ती मला बोलकी वाटते. एका फाइलसिस्टिमचा कर्ता, कौशल्याबद्दल कोणाला शंका नाही असा माणूस, सहकाऱ्याला अपमानकारक बोलला. संहिता समितीच्या शिफारशीवरून त्याचं काम एका आवृत्तीपुरतं स्वीकारायचं नाही असं ठरलं. कायमचं हाकललं नाही, पाठीशीही घातलं नाही. चूक केवढी, त्या मानानं उत्तर केवढं, याची पायरी ठरवता येते. कव्हेनंटच्या २०२० च्या आवृत्तीत या पायऱ्या लिहूनच दिल्या आहेत: समज, इशारा, तात्पुरती बंदी, कायमची बंदी. रक्तदाबाच्या रुग्णाला आपण पहिल्याच भेटीत चार गोळ्या देत नाही, आणि दोनशेवर गेलेल्याला ‘मीठ कमी खा’ एवढं सांगून घरीही पाठवत नाही.

हे सगळं संगणकवाल्यांच्या घरचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं, असं वाटत असेल तर आणखी एक प्रकरण सांगतो. ‘एक्सझेड’ नावाचं, फायली दाबून लहान करणारं एक छोटं ओपन सोर्स साधन आहे. जगभरच्या असंख्य सर्व्हरमध्ये ते असतं. फिनलंडमधला एक गृहस्थ ते वर्षानुवर्षं जवळपास एकट्यानं सांभाळत होता, छंद म्हणून, विनामोबदला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर टोचणी सुरू केली: कामं रखडली, तुला जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. त्यानं उत्तरात लिहिलं की दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे माझ्यानं फारसं होत नाही, आणि हा बिनपगारी छंद आहे हेही लक्षात घ्या. टोचणी थांबली नाही. दरम्यान एक मदतनीस पुढं आला होता, कामसू आणि अत्यंत नम्र. हळूहळू कारभार त्याच्या हाती गेला. २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत त्यानं एक चोरदरवाजा बसवला, ज्यातून कितीतरी सर्व्हरमध्ये घुसता आलं असतं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, तो खणत गेला आणि मार्च २०२४ च्या अखेरीस हे उघडकीला आलं. टोचणारी ती नावंही बहुधा त्याच कटातली, बनावट होती, असं आता मानलं जातं.

डॉक्टर म्हणून हे प्रकरण वाचताना दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, थकलेल्या, आजारी माणसाला चारचौघांत टोचलं तर तो चुकीच्या हातात किल्ल्या देतो. हल्लेखोरांना हे पक्कं ठाऊक होतं. उद्धटपणा हे त्यांचं हत्यारच होतं. आणि तसं टोचणं त्या जगात इतकं रोजचं होतं की कोणाला वेगळं काही वाटलं नाही. छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतरच्या रेसिडेंटला नातेवाईक, सिनिअर आणि लेक्चरर एकाच वेळी बोलत असतात तेव्हा आम्हालाही काही वेगळं वाटत नाही. दुसरी गोष्ट माझ्याच म्हणण्याला छेद देणारी आहे, पण सांगायला हवी. खरा चोर गोड बोलत होता. आदर म्हणजे नुसती गोड भाषा असती तर तो सर्वांत आदरशील ठरला असता. आदरानं वागायचं तर समोरच्याचं ओझं पाहावं लागतं. ‘मला झेपत नाही’ असं कोणी सांगितलं की तिथं थांबावं लागतं.

लेखी नियमांबद्दलचे आक्षेप मला माहीत आहेत आणि ते सगळेच पोकळ नाहीत. सभ्यतेचा नियम अनेकदा खालच्यालाच लागू होतो. वरचा ओरडला तर ‘शिस्त’ आणि खालचा ओरडला तर ‘उद्धटपणा’. संहिता हे हिशेब चुकते करण्याचं साधनही होऊ शकतं. म्हणून कागदापेक्षा तक्रार ऐकणारा कोण, हा प्रश्न मोठा आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच टेबलावर ती जाणार असेल तर त्या कागदाला काही अर्थ नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. वसतिगृहातल्या छळाला त्यानं निदान नाव दिलं. पण राऊंडवर, रुग्णाच्या देखत, पहिल्या वर्षाच्या मुलीला ‘तुला प्रवेश कोणी दिला?’ असं विचारलं जातं, तेव्हा त्याला कोणी रॅगिंग म्हणत नाही. त्याला शिकवणं म्हणतात. आणि लिनक्सवाल्यांना एक सोय होती ती आमच्या रेसिडेंटना नाही: शार्प निघून जाऊ शकले. आमच्या मुलांना तीन वर्षं काढायचीच असतात, अंतर्गत मूल्यमापन त्याच सरांच्या हातात असतं आणि मधेच सोडलं तर बाँडचा दंड असतो. जो जाऊ शकत नाही तो बोलणं सोडतो.

बोलणं सुटलं की आकडेही छान दिसायला लागतात, हा आणखी एक सापळा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. निघालं उलटं: जिथं प्रमुखाशी बोलता येत होतं तिथंच नोंदलेल्या चुका जास्त होत्या. चुका तिथं जास्त होत होत्या असं नव्हे, तिथं त्या लपवल्या जात नव्हत्या. तेव्हा ‘आमच्या वॉर्डात चुका होत नाहीत’ असं कोणी प्रमुख अभिमानानं सांगू लागला की मला त्या वॉर्डातल्या रुग्णांची काळजी वाटते.

गेल्या जानेवारीत मी माझ्या युनिटमध्ये एक कागद करायचं ठरवलं. अधिष्ठात्यांची परवानगी वगैरे काही नाही, युनिटपुरता. रेसिडेंट, सिस्टर, इंटर्न आणि वॉर्डातले मामा-मावशी, सगळ्यांना बसवलं आणि म्हटलं, नियम तुम्ही सांगा. पहिल्या बैठकीत कोणी तोंड उघडलं नाही. चहा झाला आणि सगळे उठले. दुसऱ्या बैठकीत पहिल्या वर्षाचा एक मुलगा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसला होता. शेवटी म्हणाला, ‘सर, परवा राऊंडला तुम्ही केस पेपर टाकलात. माझ्या अंगावर नाही, खाली टाकलात. पण टाकलात.’ मला वाटत होतं की ती सवय माझ्या सरांबरोबर निवृत्त झाली. मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोर, कारण टाकलाही सगळ्यांसमोरच होता.

मग नियम भराभर आले. चूक कामातली सांगायची, आई-बाप, गाव, राखीव जागा, प्रवेश यांवर जायचं नाही. रुग्णासमोर कोणालाही झापायचं नाही. ‘डॉक्टर कोण आहे’ हा प्रश्न विचारायचा नाही. हा नियम मीच सुचवला. का, ते तिथं सांगितलं नव्हतं, आज इथं सांगितलं. तक्रार माझ्याकडे नको असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ते बरोबरच होतं. दुसऱ्या विभागातल्या एका प्राध्यापक मॅडमनी ते काम घेतलं आहे. आतापर्यंत त्यांच्याकडे तीन तक्रारी गेल्या. त्यातली एक माझ्याविरुद्ध होती, एवढंच त्यांनी मला सांगितलं, समजही दिली, आणि कोणाची ते सांगितलं नाही.

कागदावरची शेवटची ओळ रात्रपाळीच्या सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात घातली आहे: ‘रात्री तीनला फोन केला तर आधी रुग्ण कसा आहे ते विचारावं, आत्ता का फोन केला ते नाही.’